स्प्रिंगांतली गुरगुर

७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र एजंटाच्या कचेरीतून फिरत फिरत काल हातात पडलं. पाकिटावर तपकिरी डाग होते. समुद्राचे म्हणायचे की तुझ्या कॉफीचे, ते तूच ठरव. जहाजावरचे पाहुणे नाचतायत, तुमचा ड्रमवाला अजून ताल सोडून पुढे पळतो, आणि तू वजन वाढवलंयस, एवढं कळलं. बरं वाटलं. इकडे आम्हीही ठीक आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे जिना उतरायचं टाळतात. आवाज मात्र तसाच खणखणीत. तिसऱ्या मजल्यावरून फाटकाशी आलेल्या माणसाची उलटतपासणी घेतात. इमारतीच्या कमिटीचे चिटणीस अजून बाबाच आहेत. दुसरं कोणी उभं राहायला धजत नाही.

आता तुझ्या कामाचं. "दोन डबे नकोत, एकाच डब्यात रिव्हर्ब आणि ट्रेमोलो दे, व्हॉल्व्ह खरे, जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे हवेत, स्प्रिंगा खऱ्या हव्यात, आणि बोटीच्या धक्क्यांत टिकलं पाहिजे." हुकूम वाचला. भाऊ नसतास तर दारातूनच परत पाठवलं असतं.

मांडणी ठरवली आहे. आधी रिव्हर्बचा घुमारा, मग ट्रेमोलोची थरथर. उलट केलं तर ट्रेमोलोने पाडलेल्या फटी रिव्हर्ब भरून टाकतो आणि सगळा गिचका होतो. माझ्या पद्धतीने तुझ्या गिटारची तार आणि तिच्यामागे रेंगाळणारा आवाज, दोन्ही एकत्र श्वास घेतील. ट्रेमोलोसाठी एक व्हॉल्व्ह संथपणे झुलत राहील, त्याच्या तालावर एक चिमुकला दिवा उघडझाप करील, आणि दिव्यासमोर उजेड ओळखणारा एक तुकडा असेल. उजेड पडला की आवाज दबेल, अंधार झाला की सुटेल. ही जोडी काळ्या नळीत बंद करायची, म्हणजे बाहेरचा उजेड लुडबुड करणार नाही.

रिव्हर्बचा ट्रे तर मला फार आवडतो. लांबट पत्रा, आत ताणलेल्या तीन बारीक स्प्रिंगा. एका टोकाकडून आवाज त्यांना हलवतो, दुसऱ्या टोकाला ते हलणं पुन्हा आवाज होऊन बाहेर येतं. पण मधल्या वाटेत तो घुटमळतो, मागे फिरतो, पुन्हा येतो, म्हणून रिकाम्या दिवाणखान्यात वाजवल्यासारखं वाटतं. बाबांनी चष्मा पुढे ओढून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं शिकलीस ते गादीतल्या स्प्रिंगा डब्यात घालायला?"

गादी त्यांना सुचली कारण तळमजल्याचा गाळा एका गादीवाल्याने घेतलाय. पलंग-गाद्यांचं मोठं दुकान होणार म्हणे. शटर ओढून आत काम चालू आहे. धूळ फार. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी तुझं नाव लिहिता येतं.

हो, आणि बाबा लाकडी खोकं करतायत. तुझं नाव न घेता विचारलं, "त्या वाजवणाऱ्याला हँडल कुठल्या बाजूला हवंय?" मी म्हटलं, वर. "वर कशाला? बाजूला बरं. जिन्यावरून नेताना गुडघ्याला लागत नाही." तेव्हा बाजूला बसवणार आहेत. एवढीच बातमी. तू तिचं काय करायचं ते कर.

जोडणीत एक बारीकशी गुरगुर येते आहे. शोधते. अर्थिंगच्या तारांमध्ये कुठेतरी गडबड असेल.

तुझी,
ठिणगी


२३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण हे कोणाला तरी सांगायला हवं आणि तू लांब आहेस, त्यामुळे लगेच हसणार नाहीस.

आधी चांगलं. ट्रेमोलो चालू झाला! पहिल्या दिवशी दिव्याची टकटक आवाजात ऐकू येत होती, भिंतीवरचं घड्याळ गिटारमध्ये शिरल्यासारखी. तारा लांब नेल्या, एक छोटा कपॅसिटर घातला, गेली. मग तुझी जुनी गिटार लावली, जिच्या दोन तारा गंजल्यात, आणि एकच सूर धरला. दादा, अंगावर काटा आला. बाबा दारात येऊन उभे होते. मी वळल्यावर म्हणाले, "पंख्यासमोर गायल्यासारखं वाटतं." आणि गेले. पण उभे होते.

आता ती गुरगुर.

ट्रान्सफॉर्मर जवळ असला की स्प्रिंगांचा ट्रे त्याची घरघर पकडतो, हे मला माहीत आहे. म्हणून ट्रे फिरवला, लांब नेला. घरघर गेली, गुरगुर राहिली. ती घरघरीसारखी एकसारखी नाही. येते, जाते. मध्येच काही वेळ काहीच नसतं, मग पोट बिघडलेल्या मोठ्या जनावरासारखा आवाज येतो. आणि कधी कधी एक "टण्", कोरडा, छोटा, आणि त्याच्यामागे स्प्रिंगांची लांब शेपटी. कोणीही न वाजवलेल्या सुराचा रिव्हर्ब.

व्हॉल्व्ह बदलले. अर्थिंगच्या तारा उपटून पुन्हा घातल्या. शेवटी स्प्रिंगांना आवाज देणारा व्हॉल्व्हच काढून टाकला. आता स्प्रिंगांना हलवणारं काही उरलंच नाही ना? हेडफोन लावला. गुरगुर होतीच.

ट्रेचीच पिन काढली. गप्प. पुन्हा लावली. गुरगुर.

म्हणजे दोष माझ्या जोडणीत नाही. स्प्रिंगा खरोखरच हलतायत. त्यांना बाहेरून काहीतरी हलवतंय. या ट्रेला नुसता धक्का लागला तरी ढग गडगडल्यासारखा आवाज होतो, तुला माहीत आहे, स्टेजवर तू मुद्दाम लाथ मारायचास. तेवढा नाजूक आहे तो. मी ट्रे उशीवर ठेवला, खाली रजई. शांत. टेबलावर ठेवला. थोडी गुरगुर. जमिनीवर ठेवला. जास्त. मग वेड्यासारखी ट्रे घेऊन घरभर फिरले, कुत्र्याला फिरवावं तशी. सगळ्यात जास्त आवाज स्वयंपाकघराजवळच्या खांबाशी येतो. ट्रे खांबाला टेकवला तर हेडफोन काढून ठेवावा लागतो.

तू म्हणशील खाली काम चालू आहे, हातोडे पडतायत. मलाही तसंच वाटलं. म्हणून दुपारच्या सुट्टीत, दोघे सुतार बाहेर फुटपाथवर जेवत बसलेले खिडकीतून दिसत होते तेव्हा, पुन्हा ऐकलं. हातोडा नव्हता, करवत नव्हती. रस्त्यावर गाडीसुद्धा नव्हती. गुरगुर होती. आणि मी ऐकत असतानाच ते "टण्" झालं.

पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना सहज विचारलं, घरात काही वेगळं जाणवतं का. म्हणाल्या, "अगं, बाथरूमचं दार लागेनासं झालंय. हवेनं फुगलं असेल." हवा कोरडी आहे, दादा. ओठ फुटतायत सगळ्यांचे.

बाबांना अजून बोलले नाही. म्हणजे गुरगुर येते आहे एवढं सांगितलं, कुठून येते ते नाही सांगितलं. खांबाबद्दल त्यांना मी काही सांगायचं म्हणजे वादालाच बोलावणं.

तू आपला तब्येतीला जप. डब्याची काळजी करू नकोस.

तुझी,
ठिणगी


९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, "तू नेहमीच जास्त ऐकतेस." खरं आहे. पण या वेळी ऐकणारी मी नाही, तीन स्प्रिंगा आहेत. त्यांना कल्पनाशक्ती नसते.

मी गादीवाल्याकडे गेले होते. माणूस गोड आहे, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावतो. शटर अर्धं वर होतं, त्याने मला बाहेरच थोपवलं.

"ताई, आवाज येणारच. काम चालू आहे."

"काम थांबल्यावरही येतो."

"मग तुमच्या मशीनची दुरुस्ती करा की!" असं म्हणून तो स्वतःच हसला.

त्याच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं. दादा, आठवतं का, त्या गाळ्याच्या मधोमध जाड भिंत होती, जिच्यामागे आपण लपायचो? ती नाही. सरळ मागच्या गल्लीपर्यंत उजेड दिसतो. मी विचारलं, भिंत कुठे गेली? म्हणाला, "गिऱ्हाइकाला पलंग दिसायला नकोत?" मी विचारलं, कोणाला विचारून काढली? त्यावर त्याने एक उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही. तसं लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मग बांधकाम तपासणीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार. म्हणाल्या, "इमारतीच्या चिटणिसांची तक्रार लागते. ती आली की माणूस पाठवू." चिटणिसांची. मी रस्ताभर स्वतःशीच हसत घरी आले, ते हसू चांगलं नव्हतं.

बाबांना सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, चहा त्यांच्या हातात होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"मला भिंतीचं शिकवणार तू?"

"शिकवत नाही. ऐका म्हणते."

"अख्खी हयात बांधकामावर गेली माझी. कोणती भिंत भार घेते आणि कोणती नाही, हे मला झोपेत विचार. पार्टिशनची भिंत होती ती."

"बाबा, तुम्ही ती बघितली होती का, काढण्याआधी?"

त्यावर ते उठून रेडिओ मोठा करायला गेले. रागावले की तुझ्यासारखेच दिसतात, खालचा ओठ आत ओढून. मी इमारत सोडून मावसबहिणीकडे जाऊ म्हटलं तर म्हणाले, "तू जा. माझं घर आहे." मी जाणार कशी त्यांना टाकून?

एक गोष्ट मात्र बघितली. त्यांची वाचायची खुर्ची वर्षानुवर्षं त्या खांबाला टेकून असते. आता ती खिडकीशी आहे. कधी हलवली, का हलवली, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आज दुपारी मी हट्टाने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. "दोन मिनिटं. मग पुन्हा कधी हा विषय काढणार नाही." ते बसले, सलूनमध्ये बसल्यासारखे ताठ. मी ट्रे खांबाच्या पायाशी ठेवला. त्यांचा चेहरा आधी कंटाळलेला होता. मग कान टवकारल्यासारखी मान वळली. मग ते जमिनीकडे बघायला लागले.

"हे आत्ता वाजतंय?"

"आत्ता."

"खाली कोणी ठोकतंय?"

"सुतार चहाला गेलेत. खिडकीतून बघा."

त्यांनी बघितलं. हेडफोन डोक्यावर तसाच, वायर ताणलेली. मग खांबापाशी येऊन तळवा टेकवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघेनात. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी खाली उतरून बघतो." आणि थोड्या वेळाने, "खोक्याचं पॉलिश वाळलं नाही अजून, हात लावू नकोस."

तेव्हा उद्या ते बघतील. त्यांनी एकदा तक्रार केली की माणूस येईल, काम थांबेल, खालून टेकू लागतील. मला हायसं वाटायला हवं. हे लिहिताना ट्रे उशीवर ठेवलाय आणि हेडफोन ड्रॉवरमध्ये कोंबलाय. तरी ऐकू आल्यासारखं वाटतं.

तुझी,
ठिणगी


१७ एप्रिल

प्रिय दादा,

मी पाठवलेल्या तारेनंतर आलेलं तुझं पत्र मी खूपदा वाचलं. मावसबहिणीने पोटमाळ्यावरची खोली दिली आहे. टेबल आहे, खिडकी आहे, मला बाकी काही लागत नाही. माझ्या हाताची पट्टी निघाली. खोकला कमी आहे. तुझी गिटार गेली, डबा गेला, आईचे फोटो गेले. वस्तूंचं एवढंच.

तू लिहिलंयस की कोणीतरी जहाजावर जुना पेपर आणला आणि त्यात बाबांचा फोटो होता. इमारत रिकामी करून घेणारे वृद्ध चिटणीस. तू तो कापून गिटारच्या पेटीत आतून चिकटवलास. "आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा मुलगा असल्याचा अभिमान वाटला, आणि सांगायला ते नाहीत." हे वाक्य वाचल्यापासून मी पत्र लिहायला बसते आणि उठते. आज उठणार नाही.

त्या सकाळचं मी तुला तारेत काही कळवलं नव्हतं. आता सांगते.

ते बूट घालून खाली गेले. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी मागून जाते म्हटलं तर हातानेच थांबवलं. परत आले तेव्हा चेहऱ्याचा रंग चुन्यासारखा झाला होता, आणि जिना चढून आल्यावरही धापा टाकत नव्हते, जसं काही श्वास घ्यायचं विसरलेत.

"ठिणगी, चप्पल घाल."

"काय झालं?"

"नुसती भिंत काढली नाही त्यांनी. खांब तासलाय. पलंग मावावा म्हणून खांब तासलाय, सळ्या बाहेर आल्यात." मग दाराच्या चौकटीला धरून म्हणाले, "आणि ती भिंत पार्टिशन नव्हती."

मी चपला पायात सरकवल्या.

"मीच हो म्हटलं होतं. तो वर आला होता, चहा घेतला, म्हणाला, काका, तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मी इथे बसूनच सांगितलं, काढ बिनधास्त. गुडघा दुखत होता. खाली उतरलो नाही."

दादा, मला हे आधीच माहीत होतं. गादीवाल्याने मला दिलेलं उत्तर हेच होतं: "तुमच्या वडिलांनाच विचारा की." म्हणून मी तुला ते लिहिलं नाही. तुमच्या दोघांमध्ये आधीच इतकं काही पडलेलं, त्यात मी आणखी एक वीट कशाला टाकू, असं वाटलं.

पुढचं पेपरात आलं ते खरं आहे. त्यांनी प्रत्येक दार वाजवलं. काय आवाज लावला होता! शिंपीणकाकू म्हणाल्या, "एवढी बाही पुरी करते." बाबांनी मशीनची पिन उपटून वायर हातात घेतली आणि तशीच धरून त्यांना जिन्यापर्यंत नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा पेशंट तोंडात कापूस आणि गळ्यात फडकं घेऊन उतरला, डॉक्टर मागून चिमटा हातात घेऊन. फुटपाथवर सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले होते. मीसुद्धा. एवढं सगळं होऊनही इमारत आपली उभी होती, खिडकीत पडदे हलत होते. मला वाटलं, डबा तरी आणावा. मी एक पाऊल टाकलं तर बाबांनी दंड असा धरला की बोटं उमटली.

तेवढ्यात शटरच्या आतून हातोड्याचा आवाज आला. दोघे सुतार भाऊ आत होते. मागच्या बाजूला, माळा बसवत. बाबांनी सकाळी बघून परत येताना त्यांना बाहेर पडायला सांगितलं होतं. त्यांनी मालकाला विचारतो म्हटलं असणार. मी म्हटलं, मी जाते. बाबा म्हणाले, "तू इथे थांब. ही माणसं वर जायला लागतील, त्यांना अडव." आणि वाकून शटरखालून आत गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, ते मला दिसतं अजून.

त्यांचा आवाज ऐकू येत होता. सुताराला नावाने हाक मारत होते. मग ते "टण्" झालं. मी इतके दिवस हेडफोनमध्ये ऐकत होते तेच, आता उघड्या रस्त्यावर, सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर धुळीशिवाय काही नव्हतं.

धाकटा भाऊ मागच्या गल्लीत फेकला गेला, मांडी मोडली, पण आहे. मोठा सुतार आणि बाबा नाहीत.

सुताराची बायको इस्पितळात दिराजवळ बसलेली असते. मी भेटायला जाते. तिने मला विचारलं, "तुमच्या वडिलांनी ह्यांना नावाने हाक मारली होती म्हणतात, खरं का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे शेवटी कोणीतरी बोलावत होतं त्यांना." आणि माझा हात हातात घेऊन बसली. तिला काहीच माहीत नाही. तो हात सोडवून घेता येईना आणि धरवेना.

आता गादीवाल्याचं. तो इथे पोटमाळ्यावर आला होता. पांढरा शर्ट, डोळे लाल, खरंच रडला असावा. माझ्या कोपराला हात लावून म्हणाला, "ताई, काकांचं नाव केवढं झालंय. लोक चौकाला त्यांचं नाव द्या म्हणतायत. ते तसंच राहू दे. तुम्ही मला आधी येऊन आवाजाचं सांगितलं होतं, ते चौकशीत निघालंच पाहिजे असं थोडंच आहे? ते निघालं नाही तर भिंतीला कोणी हो म्हटलं तेही निघणार नाही. इमारत जुनी होती, गेली." मी त्याला बसायलाही सांगितलं नव्हतं. तो उभाच होता आणि माझ्याकडे मायेने बघत होता.

आणि दादा, मी हो म्हणणार होते. बरेच दिवस मनाशी हो म्हणूनच वावरत होते. बाबांसाठी, आणि तू गिटारच्या पेटीत चिकटवलेल्या त्या कागदासाठी.

चौकशीसाठी नेमलेल्या अधिकारी बाईंनी मला विचारलंय की मला आवाज आला तो कसा, ते दाखवता येईल का. म्हणून मी नवा ट्रे आणलाय. खोकं नाही, ट्रेमोलो नाही. उघड्या फळीवर एकच व्हॉल्व्ह, ट्रे आणि हेडफोन. सुटे भाग विकणाऱ्याकडून परवा ट्रान्सफॉर्मर घेऊन येत होते. ओझं जड म्हणून नेहमीचा रस्ता सोडून बाजारामागून आले. तिथे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्याला नवं शटर आहे, त्यावर गादीवाल्याची पाटी. शटर अर्धं वर होतं. आतून छिन्नीचा आवाज येत होता. मी वर बघितलं. तिन्ही मजल्यांवर कपडे वाळत घातले होते, एका खिडकीत एक म्हातारा खांबाला खुर्ची टेकवून पेपर वाचत होता.

मी ट्रान्सफॉर्मर खाली ठेवला आणि एकेक दार वाजवत वर गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हातारा म्हणाला, "आमच्या कमिटीने बघितलंय सगळं." मी अधिकारी बाईंना जाऊन सांगितलं, त्या म्हणाल्या, साक्षीत येऊ दे, मग लगेच काम थांबवता येईल. तोपर्यंत नाही.

तेव्हा सोमवारी मी दोन्ही सांगणार आहे. मी गादीवाल्याला सांगितलं होतं तेही, आणि बाबांनी खाली न उतरता हो म्हटलं होतं तेही. एक सांगून दुसरं झाकता येत नाही. सुताराच्या बायकोला मात्र मी रविवारीच जाऊन सांगेन. चौकशीच्या बाकावर बसून, परक्याच्या तोंडून तिला ते कळायला नको. ती मला परत भेटेल की नाही, माहीत नाही. तुलाही माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र आजच्या टपालात टाकते.

हे वाचून तू तो कागद फाडून टाकशील अशी भीती वाटते. फाडू नकोस. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही, फक्त अर्धं आहे. ज्यांनी चहा पिता पिता हो म्हटलं ते बाबा, आणि शटरखालून वाकून आत गेले तेही बाबाच. मला दोघांना एकत्र ओळखायला इतके दिवस लागले. तू वेळ घे.

रागवायचं तर माझ्यावर रागव, मी सोसेन. त्यांच्यावरचा राग तू इतक्या वर्षांनी नुकताच खाली ठेवलायस. तो परत उचलू नकोस.

सोमवारी सकाळपासून पाऊस पडो की काही होवो, मी तिथे असेन, आणि त्या म्हाताऱ्याच्या इमारतीत तोवर काही होऊ नये, एवढंच दर तासाला मनात म्हणते आहे.

त्यांची मुलगी आणि तुझी बहीण,
ठिणगी